ढग आपले नाहीत, चटई आपली!

दोन हजार वर्षांपूर्वीचे स्टोइक तत्त्वज्ञ आणि तुमची नवीकोरी वेबसाइट यांचा संबंध काय? उमेळ्यातल्या एका घरात, रात्री दीड वाजता, पांढऱ्याफटक स्क्रीनसमोर बसून सापडलेलं हे उत्तर...

रात्रीचा दीड वाजलाय. उमेळ्यातलं आमचं घर गाढ झोपलंय. दूर रुळांवरून विरारकडे जाणाऱ्या एखाद्या उशिराच्या लोकलचा खडखडाट येतोय, बाकी सगळं सामसूम. आणि मी? मी लॅपटॉपसमोर बसून एका पांढऱ्याफटक स्क्रीनकडे बघतेय. अर्ध्या तासापूर्वी इथे एक वेबसाइट होती. केळीच्या वाडीचा फोटो, मधाच्या रंगाची सुकेळी, 'ऑर्डर करा' असं लिहिलेलं हिरवंगार बटण... सगळं होतं. मग मी 'अपडेट नाऊ'वर क्लिक केलं. आणि साइट गायब!

बॅकअप? हो, घ्यायचा होता ना. 'उद्या' घ्यायचा होता.

वेबसाइट माझी नव्हती, आगाशीच्या मावशीची होती. वसईची सुकेळी तुम्हाला ठाऊक असतीलच. नसतील तर तुम्ही आयुष्यात बरंच काही मिस केलंय! राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची आणि दिवसांमागून दिवस उन्हात वाळवायची. वरून साखर नाही, रंग नाही. मावशी वर्षानुवर्षं हा माल एका व्यापाऱ्याला द्यायची, तो म्हणेल त्या भावात. मग फ्रीलान्स पत्रकारितेतल्या एका कोरड्या महिन्यात तिच्या भाचीला साक्षात्कार झाला. ''मावशी, मी तुला वेबसाइट बनवून देते. डायरेक्ट गिऱ्हाईक! मध्ये कुणी नाही!'' मावशीने विश्वास ठेवला. व्यापाऱ्याला सांगितलं, या खेपेला माल नाही. साठ पाकिटं भरून ठेवली. डोळ्यांसमोर नाताळ होता. वसईत नाताळ म्हणजे काय, हे वसईकरांना सांगायला नको.

आणि नाताळाला आठ दिवस उरलेले असताना, हा पांढरा पडदा.

लॅपटॉपखालचं पुस्तक

लॅपटॉप गरम होऊ नये म्हणून मी त्याच्याखाली दोन पुस्तकं ठेवते. त्यातलं एक होतं फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेलं, बारकंसं, एपिक्टेटसचं. मास कम्युनिकेशनच्या दिवसांत 'इम्प्रेसिव्ह दिसतं' म्हणून घेतलेलं आणि कधीच न वाचलेलं. त्या रात्री झोप तर येणार नव्हती. ते खालून ओढलं आणि वाचायला घेतलं.

आता हे स्टोइक लोक कोण बुवा?

इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराला झेनो नावाचा सायप्रसचा माणूस अथेन्समध्ये शिकवू लागला. हा मूळचा व्यापारी. जहाज फुटलं, माल बुडाला आणि अथेन्समध्ये अडकलेला हा गडी तत्त्वज्ञानाकडे वळला, असं सांगतात. शिकवायला हॉल नव्हता, म्हणून चित्रांनी सजवलेल्या एका खुल्या ओसरीत बोलायचा. ग्रीक भाषेत अशी ओसरी म्हणजे 'स्टोआ'. म्हणून हे स्टोइक. म्हणजे नावातसुद्धा बडेजाव नाही, 'ओसरीवरचे लोक' म्हणा ना!

पुढे रोममध्ये या विचाराची तीन मोठी नावं झाली. सेनेका, हा श्रीमंत दरबारी. एपिक्टेटस, हा गुलाम म्हणून वाढलेला, पायाने अधू. आणि मार्कस ऑरेलियस, चक्क सम्राट. त्याने इसवी सन १६१ ते १८० रोमवर राज्य केलं आणि लढायांच्या धामधुमीत स्वतःसाठी टिपणं लिहिली. एक गुलाम आणि एक सम्राट, दोघांचा फंडा एकच. याहून जास्त गॅरंटी काय हवी?

आणि हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत हं! सेनेका ज्या पहिल्या शतकात रोममध्ये पत्रं लिहीत होता, त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत 'सुप्पारा' या बंदराचं नाव आहे. म्हणजे आपलं सोपारा. रोज लोकलमध्ये 'अगला स्टेशन नालासोपारा' ऐकतो ना, तेच. पत्रं लिहिणाऱ्याचं जग आणि आपली खाडी तेव्हाही जोडलेली होती. फक्त तेव्हा वायफाय नव्हतं.

पांढऱ्या स्क्रीनने काय केलं?

एपिक्टेटसच्या त्या हस्तपुस्तिकेची सुरुवातच एका वाटणीने होते. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपलं मत, आपला निर्णय, आपली कृती हे आपलं. शरीर, पैसा, नावलौकिक, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय, हे आपलं नाही. थोडं पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. माणसाला घटना हैराण करत नाही, घटनेबद्दल त्याने करून घेतलेलं मत हैराण करतं.

हे वाचलं आणि पोटात गोळा आला. कारण तुम्हाला मी सगळं खरं सांगितलेलं नाही.

'अपडेट नाऊ' दाबल्यावर स्क्रीन पांढरी झाली, हे खरं. पण त्याने साइट जात नसते. अपडेट अर्धवट अडकलं की पान दिसत नाही, पण मजकूर, फोटो, ऑर्डरी आत डेटाबेसमध्ये शाबूत असतात. घोळ घालणारं प्लगइन बंद केलं की बहुतेक वेळा दहा मिनिटांत गाडी रुळावर. मी काय केलं? घाबरले. 'संपलं सगळं, मावशीला काय तोंड दाखवू' असं म्हणत होस्टिंगच्या पॅनेलमध्ये घुसले आणि सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायचं बटण दाबलं. वॉर्निंग आली, तीही न वाचता 'यस' केलं. साइट तेव्हा गेली. म्हणजे पांढऱ्या स्क्रीनने साइट खाल्ली नव्हती. माझ्या घाबरण्याने खाल्ली होती.

'पण हे तर आमच्या काउन्सेलरने सांगितलंय' असं काही जण म्हणतील. बरोबर! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली, तिचं मूळ त्यांनी स्वतःच एपिक्टेटसमध्ये दाखवलं. मराठीत डॉ. कि. मो. फडके यांनी तीच 'विवेकनिष्ठ' विचारपद्धती वाचकांपर्यंत नेली आणि डॉ. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' तर अनेकांनी वाचलं असेल. म्हणजे ग्रीक ओसरीवरचा हा विचार आपल्या घरच्या कपाटात कधीचाच येऊन बसलाय.

दोन रकाने

सकाळी चहा घेतला आणि वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'माझं', उजवीकडे 'माझं नाही'.

'माझं नाही'मध्ये काय काय आलं? गुगलमध्ये आपण कितव्या नंबरवर दिसू. गुगल आपले नियम वर्षातून अनेकदा बदलतं, ते कुणाला विचारून नाही. आज लाइट जाईल का, नेट चालेल का. सोशल मीडिया सुरू राहील का. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडलं होतं, आठवतंय? ज्यांचं दुकान फक्त तिथे होतं, त्यांचं शटर त्या दिवशी दुसऱ्याने पाडलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोकांना सुकेळी आवडतील का, हे माझं नाही.

'माझं'मध्ये काय? फोटो खरे आहेत का. भाव, वजन, पोहोचायला लागणारे दिवस स्पष्ट लिहिलेत का. फोन नंबर पहिल्या पानावर दिसतो का. मोबाइलवर पान पटकन उघडतं का. अन्नपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआय नोंदणी झाली आहे का. डोमेन कोणाच्या नावावर आहे. आणि हो, बॅकअप!

गंमत बघा. गेला महिनाभर माझा सगळा वेळ उजव्या रकान्यात गेला होता. 'गुगलवर पहिलं कसं यायचं' असे तासन्‌तास व्हिडिओ बघितले होते. आणि डावा रकाना? अर्धा रिकामा.

इथे एक गैरसमज दूर करू या. स्टोइक म्हणजे 'जे होईल ते होईल' म्हणून पाय पसरून बसणारा नव्हे. रोमन लेखक सिसेरोने त्यांचा विचार समजावताना तिरंदाजाचं उदाहरण दिलंय. धनुष्य चांगलं घेणं, नेम नीट धरणं, हे सगळं तिरंदाजाने जीव ओतून करायचं. पण बाण सुटल्यावर वारा आला, तर तो त्याचा नाही. म्हणजे मेहनत कमी नाही करायची. जिथे ती लागू पडते, तिथे सगळी ओतायची.

फ्रीलान्सर मंडळी, हे आपल्यालाही! क्लायंट पैसे वेळेवर देईल का, हे आपल्या हातात नाही. पण कामाआधी अर्धे पैसे मागणं, लेखी ठरवणं आणि तारखेला बिल पाठवून आठवण करणं? ते शंभर टक्के आपलं. 'मी स्टोइक आहे' म्हणून पैसे न मागणं हा स्टोइकपणा नाही, भिडस्तपणा आहे!

आग लागण्याआधीच...

१० मार्च २०२१. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात मध्यरात्रीनंतर एका मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्याचा अंदाज होता. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता, ते सावरले. ज्यांचा नव्हताच किंवा त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

आता मागे जाऊ, जवळपास दोन हजार वर्षं. तेव्हा 'गॉल' म्हणवल्या जाणाऱ्या त्याच भूमीवरचं लुग्डुनम, म्हणजे आजचं लिओन शहर, एका रात्रीत जळलं. सेनेकाचा मित्र तिथला. तो पार कोलमडला. त्यावर सेनेकाने लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे, ९१ क्रमांकाचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अनपेक्षित घाव जास्त लागतो. म्हणून जे जे होऊ शकतं, ते आधीच मनात आणून ठेवावं.

हे निगेटिव्ह थिंकिंग वाटतं ना? पण विरारकर हे रोज करतात! सकाळच्या चर्चगेट फास्टला चढताना आपण गृहीतच धरतो, की धक्के बसणार, पाय तुडवला जाणार, कुणीतरी दारातच उभा राहणार. म्हणून बॅग पुढे घेतो, मोबाइल आत टाकतो. एपिक्टेटसने अगदी हेच सांगितलंय, फक्त त्याचं उदाहरण सार्वजनिक स्नानगृहाचं होतं. तिथे जाण्याआधी आठवा, लोक पाणी उडवतील, ढकलतील, चोऱ्याही होतील. ते मनात धरून गेलात, तर अंघोळही होईल आणि डोकंही थंड राहील.

मग मी एका संध्याकाळी बसून 'काय काय बोंबलू शकतं' याची यादी केली. साइट हॅक झाली तर? पासवर्ड हरवला तर? डोमेनचं नूतनीकरण विसरलं तर? मी आजारी पडले तर मावशीला कोण मदत करेल? प्रत्येक प्रश्नापुढे एक काम लिहिलं. भीतीची यादी होती, ती कामांची यादी झाली. टेन्शन अर्धं तिथेच उतरलं.

कमी म्हणजे छान

पहिल्या साइटवर मी काय नव्हतं टाकलं! सरकणारे फोटो, आपोआप वाजणारं संगीत, पडणाऱ्या पानांचं अॅनिमेशन, बावीस प्लगइन्स. मावशीच्या मोबाइलवर ती उघडेपर्यंत तिची भाजी फोडणीला टाकून व्हायची.

मार्कस ऑरेलियसने स्वतःला एक प्रश्न विचारायला सांगितलंय. हे जे मी करतोय, ते गरजेचं आहे का? त्याचं निरीक्षण होतं, की आपण बोलतो-करतो त्यातलं बरंचसं बिनगरजेचं असतं. ते काढलं की वेळही मिळतो आणि शांतताही. दुसऱ्यांदा साइट बांधताना प्रत्येक गोष्टीला हा प्रश्न विचारला. संगीत? नको. सरकते फोटो? नकोत. बावीसची चार प्लगइन्स राहिली. मोबाइलने काढलेले जडशीळ फोटो लहान करून 'वेबपी'मध्ये बदलले. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची शिफारस आहे. आमचं पान आता त्यात बसतं. आणि प्लगइन जितकी कमी, तितकी अपडेट फसण्याची भीती कमी, हा बोनस!

'फक्त २ पाकिटं शिल्लक!'

साइट परत उभी राहायला तीन दिवस लागले. मावशीला व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो आणि मजकूर कामी आले. नाताळाला पाच दिवस उरले, पंचेचाळीस पाकिटं पडून. तेव्हा मनात एक आयडिया आली. पानावर लाल अक्षरांत टाकायचं, 'फक्त २ पाकिटं शिल्लक!' शेजारी उलटं धावणारं घड्याळ. आणि चार मैत्रिणींकडून 'सुपर्ब! यम्मी!' असे रिव्ह्यू. सगळेच करतात, त्यात काय?

त्यात बरंच काही. एकतर हे आता नियमाविरुद्ध आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ला 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार नमूद आहेत. खोटी घाई लावणं त्यातलंच. पण कायदा बाजूला ठेवला, तरी स्टोइकांनी मानलेल्या चार मुख्य गुणांमध्ये शहाणपण, धैर्य, संयम यांच्या जोडीला न्याय आहे. उजव्या रकान्यातलं काही मिळवण्यासाठी डाव्या रकान्यातलं विकायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. गिऱ्हाईक माझं नाही, पण खरं बोलणं माझं आहे.

मी ते लाल अक्षर टाकलं नाही. आता इथे 'आणि चमत्कार झाला, सगळा माल खपला' असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. नाताळापर्यंत साठातली तेवीस पाकिटं गेली. उरलेली सदतीस मावशीने व्यापाऱ्याला दिली, नेहमीपेक्षा कमी भावाने. हे माझ्या नावावर आहे आणि राहील.

या दिवसांत मी दर दहा मिनिटांनी साइटचे हिट्स बघायचे. आकडा वर गेला की मी हुशार, खाली आला की नालायक. मार्कस ऑरेलियसने यावरही लिहून ठेवलंय. पाचूची कुणी स्तुती केली नाही, म्हणून तो कमअस्सल होतो का? मी फोनमधून तो आकडा काढून टाकला. आता आठवड्यातून एकदा, रविवारी बघते. आकडा कामाचा आहे, कोणतं पान लोक अर्ध्यावर सोडतात हे कळतं. फक्त तो माझं प्रगतिपुस्तक नाही.

ट्राय करून पाहा

* साइट सुरू करण्याआधी दोन रकाने लिहा. दर आठवड्याला बघा, वेळ कोणत्या रकान्यात गेला.
* बॅकअपच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि महिन्यातून एकदा तो परत चढवून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा!
* डोमेन मालकाच्याच नावावर घ्या. मावशीची साइट मावशीच्या नावावर.
* अपडेट रात्री नको, सकाळी करा. आधी बॅकअप, मग बटण.
* काही बिघडलं तर पंधरा मिनिटं काहीही दाबू नका. पाणी प्या. मेसेज पूर्ण वाचा. मग ठरवा.

आगाशीचा मांडव

हिशेब घेऊन आगाशीला गेले, तेव्हा मावशी मांडवावर केळी पसरत होती. मी आधीच तयारी केली होती, रडायचं नाही. तिने तेवीस पाकिटांचे पैसे मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाली, ''बाय, त्या तेवीसांत पुन्हा मागवणारे किती?''

मी बघितलं नव्हतं. फोन उघडला. सहा जणांनी दुसऱ्यांदा मागवलं होतं.

''मग ते सहा आपले,'' ती म्हणाली.

तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आला. अवेळी, डिसेंबरात. मी वर बघून चरफडले. मावशीने वर एकदाच बघितलं आणि चटईचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघींनी मिळून भराभर चटया ओटीवर घेतल्या. दहा मिनिटांत ढग गेला, पाऊस पडलाच नाही. मावशी काही न बोलता पुन्हा चटया बाहेर नेऊ लागली.

''वैताग नाही येत तुला?'' मी विचारलं.

''ढगाला शिव्या घालून केळं वाळतं का?'' ती म्हणाली. ''धर ते टोक.''

फोर्टच्या फुटपाथवरचं ते बारकं पुस्तक आता लॅपटॉपखाली नसतं, टेबलावर असतं. लॅपटॉपखाली मी दुसरं एक जाडजूड पुस्तक ठेवलंय. गुगलवर पहिलं कसं यायचं, ते सांगणारं.